उपमेयाची हकालपट्टी

विज्ञानपटांविषयी आपल्याकडे गांभीर्याने फारसे लिहिले जात नाही, आणि जे लिहिले जाते त्यात 'रूपक' या एका शब्दाने फार धुमाकूळ घातला आहे. परग्रहावरचा प्राणी पडद्यावर दिसला रे दिसला की समीक्षक विचारतो, हा कोणाचे रूपक? उत्तर सापडले की चित्रपट उलगडला असे मानून तो पुढच्या चित्रपटाकडे वळतो. नील ब्लोमकाम्प या दक्षिण आफ्रिकी दिग्दर्शकाच्या 'डिस्ट्रिक्ट नाईन' (२००९) या चित्रपटाचे असेच झाले. वर्णभेदी राजवटीचे रूपक हे त्याचे वर्णन प्रदर्शनाच्या वेळीच रूढ झाले आणि आजही परिसंवादांतून, पदव्युत्तर प्रबंधिकांतून ते जसेच्या तसे फिरते आहे. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे की, हे वाचन चित्रपटातील सर्वांत अडचणीच्या जागेपासून स्वतःची सुटका करून घेण्याचा मार्ग आहे. इतकेच नव्हे, तर ज्या परकीयद्वेषावर हा चित्रपट बोट ठेवतो असे आपण समजतो, त्याच द्वेषाचा व्यवहार चित्रपटाच्या रचनेत घडतो, आणि रूपकाचे वाचन त्यावर पांघरूण घालते.

रूढ वाचनाला आधार नाही असे मात्र नाही. १९८२ मध्ये जोहान्सबर्गच्या आकाशात एक अवाढव्य यान येऊन थांबते. आत उपासमारीने खंगलेले परग्रहवासी सापडतात. त्यांना खाली उतरवून एका छावणीत ठेवले जाते, आणि पाहता पाहता छावणीची झोपडपट्टी होते. अठ्ठावीस वर्षांनी त्यांना तिथून उचलून शहरापासून दूरच्या तंबूंच्या वसाहतीत हलवायचे ठरते, आणि ते काम 'मल्टिनॅशनल युनायटेड' या खासगी कंपनीकडे सोपवले जाते. शीर्षकही बोलके आहे. केप टाऊनमधील 'डिस्ट्रिक्ट सिक्स' ही मिश्र वस्ती सरकारने ११ फेब्रुवारी १९६६ रोजी केवळ गोऱ्यांसाठी राखीव ठरवली, आणि पुढील वर्षांत साठ हजारांहून अधिक माणसे तिथून उठवून केप फ्लॅट्सच्या वाळूत नेऊन टाकली. सहाचा आकडा फिरवला की नऊ होतो. आपल्या लिपीतही ६ आणि ९ एकमेकांकडे पाठ करून उभे असतात. संकेत इतका उघड आहे की तो ओळखण्यासाठी समीक्षकाची गरज नाही. इतक्या सहजपणे हाती लागणाऱ्या अर्थाविषयी थोडा संशय बाळगणे हे समीक्षेचे काम होते. ते झाले नाही.

अडचणीची जागा कोणती? छावणीत परग्रहवासी एकटे नाहीत. त्यांच्यामध्ये नायजेरियन लोकांची एक टोळी राहते. ती परग्रहवाशांना मांजराचे खाद्य अव्वाच्या सव्वा भावाने विकते, त्यांच्याकडून शस्त्रे मिळवते, वेश्याव्यवसाय चालवते, आणि त्यांचे मांस खाल्ल्याने त्यांची शक्ती आपल्यात येईल या समजुतीने तेही खाते. टोळीच्या म्होरक्याचे नाव ओबेसांजो. नायजेरियाच्या माजी राष्ट्राध्यक्षांचे आडनाव ओबासांजो. आता प्रश्न असा की, परग्रहवासी हे जर परकीय, बहिष्कृत, हाकलल्या जाणाऱ्या माणसांचे रूपक असतील, तर ही हाडामांसाची परकीय माणसे कशाचे रूपक आहेत?

येथे आपल्या अलंकारशास्त्राचा आधार घ्यायला हरकत नाही. रूपकात उपमेय आणि उपमान यांचा अभेद सांगितलेला असतो. चित्रपटाला जे 'रूपक' म्हटले जाते ते खरे तर अन्योक्तीच्या जवळचे आहे. म्हणजे बोलायचे एकाविषयी, कळवायचे दुसऱ्याविषयी. अन्योक्तीची एक साधी अट असते. ज्याच्याविषयी कळवायचे तो तिथे हजर असता कामा नये. हंसाला उद्देशून बोलत असताना ज्या पंडिताला टोला द्यायचा तोच तळ्याच्या काठी येऊन उभा राहिला, तर अन्योक्ती मोडते. 'डिस्ट्रिक्ट नाईन'मध्ये नेमके हेच झाले आहे. स्थलांतरिताचे उपमान, म्हणजे परग्रहवासी, आणि उपमेय, म्हणजे प्रत्यक्ष आफ्रिकी स्थलांतरित, एकाच चौकटीत उभे आहेत. एकाला प्रेक्षकाची सगळी करुणा मिळते. त्याला मुलगा आहे, घरी परतण्याची ओढ आहे, ख्रिस्तोफर जॉन्सन असे कुणीतरी चिकटवलेले नाव आहे. दुसऱ्याच्या वाट्याला नरभक्षकाची दंतकथा येते. म्हणून याला रूपक म्हणण्यापेक्षा अपह्नुती म्हणणे अधिक योग्य होईल. अपह्नुतीत उपमेयाचा निषेध करून त्याच्या जागी उपमानाची स्थापना केली जाते. हा नव्हे दुःखी परका, तो पाहा दुःखी परका, असे हा चित्रपट सांगतो, आणि बोट नायजेरियनाकडून उचलून परग्रहवाशाकडे नेतो.

ही केवळ पारिभाषिक कसरत नाही. या चित्रपटाची घडणच तशी झाली आहे. त्याचे मूळ ब्लोमकाम्प यांनी आधी केलेल्या 'अलाईव्ह इन जोबर्ग' या जेमतेम सहा मिनिटांच्या लघुपटात आहे. त्यात जोहान्सबर्गचे कृष्णवर्णीय रहिवासी कॅमेऱ्यासमोर परग्रहवाशांबद्दलचा आपला राग बोलून दाखवतात. हे बोलणे इतके खरे वाटते याचे कारण, दिग्दर्शकाने स्वतःच मुलाखतींतून सांगितल्याप्रमाणे, ते खरेच होते. त्याने त्या माणसांना विचारले होते ते झिंबाब्वे आणि नायजेरियातून आलेल्या लोकांविषयी. उत्तरे खरी, राग खरा. फक्त ज्याच्यावर राग होता त्याला कापून त्या जागी कल्पित प्राणी बसवला. उपमेयाची हकालपट्टी संकलनाच्या टेबलावर झाली. पुढे पूर्ण लांबीचा चित्रपट तयार होताना हाकललेले उपमेय परत आले. परंतु ते आले खलनायक होऊन.

ही तंत्राची चतुराई म्हणून वाखाणली गेली. तिच्या पाठीमागे कोणते वास्तव उभे होते ते पाहू. ११ मे २००८ रोजी जोहान्सबर्गच्या अलेक्झांड्रा वस्तीत स्थलांतरितांवर हल्ले सुरू झाले आणि काही दिवसांत देशभर पसरले. बासष्ट माणसे मारली गेली. त्यांपैकी एकवीस दक्षिण आफ्रिकेचेच नागरिक होते. या एकवीसांचा विचार साहित्याच्या अभ्यासकाने तरी करायला हवा, कारण परकेपणा ठरवण्याची जमावाची पद्धत भाषिक होती. रस्त्यात अडवून विचारले जाई, झुलू भाषेत कोपराला काय म्हणतात? रोजच्या बोलण्यात न येणारा तो शब्द ज्याला आला नाही, किंवा ज्याचा उच्चार निराळा झाला, तो परका. आफ्रिकेच्या इतर भागांतून आलेल्यांसाठी 'मक्वेरेक्वेरे' हा जो हिणवणारा शब्द तिथे रूढ आहे, तोही न समजणाऱ्या बोलीच्या आवाजाची नक्कल आहे असे मानले जाते. 'म्लेच्छ' या शब्दाच्या मुळाशीही अस्पष्ट बोलणे हाच अर्थ असल्याचे आपल्याला ठाऊक आहे, तेव्हा या व्युत्पत्तीचे आपल्याला नवल वाटू नये. चित्रपटातील परग्रहवासी टकटक, चकचक अशा आवाजांत बोलतात. जिभेने टाळूवर काढलेले आघातध्वनी झुलू आणि खोसा या भाषांत रुळलेलेच आहेत. म्हणजे ज्या ध्वनींनी परग्रहवाशाचा परकेपणा सिद्ध केला जातो ते स्थानिक भाषांच्या घरातलेच आहेत. रूपकाच्या शोधात निघालेल्यांनी हा धागा क्वचितच उचलला.

कायद्याची भाषाही तपासून पाहावी. इंग्रजीत 'एलियन' हा शब्द परग्रहवाशाला लागू होण्यापूर्वी कित्येक शतके परकीय नागरिकाला लागू होता. दक्षिण आफ्रिकेत १९९१ साली, वर्णभेदी राजवटीच्या अखेरच्या काळात, 'एलियन्स कंट्रोल अ‍ॅक्ट' झाला. १९९४ मध्ये लोकशाही आली, नवे संविधान आले. पण परकीयांना आवर घालणारा हा कायदा २००२ च्या स्थलांतरविषयक कायद्याने त्याची जागा घेईपर्यंत अमलात होता. १९९८ च्या 'ह्यूमन राइट्स वॉच'च्या अहवालात कातडीचा काळेपणा, दंडावरचा लसीचा व्रण, शब्दांचे उच्चार यांवरून पोलीस माणसे कशी उचलत याच्या नोंदी आहेत. दहा वर्षांनी जमावाने वापरलेली कसोटी त्याला पोलिसांनी आधीच शिकवून ठेवली होती. 'एलियन' या शब्दावरचा श्लेष चित्रपटाने निर्माण केला नाही; तो राजपत्रातच होता.

मग जगभरच्या समीक्षकाला वर्णभेदच का दिसला, २००८ का दिसले नाही? फ्रेडरिक जेमसन यांनी १९८६ साली तिसऱ्या जगातील सर्व संहिता अपरिहार्यपणे राष्ट्राच्या रूपककथा असतात असे विधान केले होते, आणि पुढच्याच वर्षी एजाझ अहमद यांनी त्याचा खरपूस समाचार घेतला होता. तो वाद आपण वर्गात शिकवतो, परीक्षेत त्यावर प्रश्न काढतो आणि चित्रपटगृहात शिरताना विसरतो. दक्षिण आफ्रिकेतून आलेली प्रत्येक कृती वर्णभेदाविषयीच बोलत असली पाहिजे, ही जेमसन यांच्या विधानाचीच एक बाळबोध आवृत्ती आहे. तीत मोठी सोय आहे. वर्णभेद संपलेला आहे, त्याचे खलनायक ठरलेले आहेत, त्याच्या विरोधात उभे राहायला आज काहीच खर्च येत नाही. परकीयद्वेष मात्र चालू वर्तमानकाळातला आहे, आणि त्यात कालचा पीडित आजचा हल्लेखोर असू शकतो. ती गोष्ट पाहण्यापेक्षा भूतकाळाचे रूपक पाहणे केव्हाही सुखाचे.

दार्को सुविन यांनी विज्ञानकथेची व्याख्या करताना परिचिताला अपरिचित करून त्याचे ज्ञान घडवणे हे तिचे कार्य मानले. आपल्याकडे नारळीकरांच्या कथांपासून 'विज्ञान किती, कथा किती' याच तराजूत विज्ञानकथा जोखली जात असल्याने सुविन यांचा विचार फारसा रुजला नाही हे खरे. परंतु तो ज्यांनी वाचला त्यांनीही त्यातले 'ज्ञान' सोडून दिले आणि 'अपरिचित' तेवढे घेतले. परग्रहवासी पाहून ज्याला आपला शेजारी नव्याने दिसत नाही, त्याच्या बाबतीत अपरिचितीकरण घडलेच नाही. त्याने एक विचित्र प्राणी पाहिला, इतकेच.

चित्रपटाच्या बाजूने एक बचाव गंभीरपणे घ्यावा लागतो. तो असा : चित्रपट माहितीपटाच्या सोंगात आहे, त्यात वृत्तवाहिन्यांची दृश्ये आहेत, तज्ज्ञांच्या मुलाखती आहेत, कंपनीच्या छायाचित्रकाने टिपलेली कारवाई आहे. त्यामुळे त्यातील पूर्वग्रह त्या सोंगातल्या कॅमेऱ्याचे आहेत, चित्रपटाचे नव्हेत. युक्तिवाद चांगला आहे. चित्रपट मात्र त्याला साथ देत नाही. त्यात कॅमेरे दोन आहेत. एक दिसणारा, ज्याच्याकडे पाहून पात्रे बोलतात. दुसरा न दिसणारा, नेहमीच्या कथापटातला सर्वसाक्षी कॅमेरा. ख्रिस्तोफर कचऱ्याच्या ढिगातून इंधनाचे थेंब गोळा करतो तिथे कोणताही वार्ताहर नाही. तो आपल्या मुलाशी बोलतो तिथेही नाही. त्या दृश्यांवर आपण विश्वास ठेवतो, कारण ती निवेदकाची आहेत. आणि ओबेसांजोच्या अड्ड्यात, जिथे नायकाचा बदललेला हात कापून खाण्यासाठी माणसे सरसावतात, तिथेही कोणताही वार्ताहर नाही. मुलाखतीतल्या तज्ज्ञाने नायजेरियनांविषयी जी अफवा सांगितली, तिला सर्वसाक्षी कॅमेरा येऊन दुजोरा देतो. परग्रहवाशांविषयीच्या अफवा हाच कॅमेरा एकेक करून खोट्या पाडतो. निवेदनशास्त्राची प्राथमिक ओळख असलेल्या विद्यार्थ्यालाही हा भेद दिसायला हवा. सगळीच माणसे चित्रपटात वाईट दाखवली आहेत, हा दुसरा बचाव तर उत्तर देण्याच्याही योग्यतेचा नाही. गोऱ्यांत भाडोत्री मारेकरी आहे तसा व्हिकसही आहे, कृष्णवर्णीय दक्षिण आफ्रिकींत कंपनीचे गुपित फोडणारा तरुण आहे. नायजेरियनांत मात्र कोणीही नाही.

चित्रपटाचे श्रेयही येथेच नोंदवले पाहिजे, कारण ते रूढ वाचनात हरवते. पोलिसी हिंसेविषयी त्याला काही खरे सांगायचे आहे, आणि ते गोळीबाराच्या दृश्यांत नाही. पहिल्या अर्ध्या तासातल्या हातात कागद घेतलेल्या माणसात आहे. व्हिकस फान दे मर्व्ह हा कंपनीतला कारकून झोपडीझोपडीपुढे जाऊन बेदखलीच्या नोटिशीवर सही मागतो. (हे आडनावही आफ्रिकानेर विनोदातल्या ठरलेल्या बावळटाचे आहे.) एक परग्रहवासी संतापून कागदाला फटका मारतो, त्याचा ओरखडा उठतो, आणि तीच सही म्हणून व्हिकस ग्राह्य धरतो. दक्षिण आफ्रिकेच्या १९९८ च्या कायद्यानुसार न्यायालयाच्या आदेशाशिवाय आणि रीतसर सूचनेशिवाय झोपडी हटवता येत नाही. चांगल्या हेतूने घातलेली ती अट पायरीपायरीने निव्वळ कागदावरची खूण कशी होते, हे या एका ओरखड्यात दिसते. पुढे अंड्यांनी भरलेली झोपडी पेटवली जाते, आणि आत फुटणाऱ्या अंड्यांचा आवाज लाह्यांसारखा येतो असे व्हिकस कॅमेऱ्याकडे वळून हसत हसत सांगतो. त्याच्या चेहऱ्यावर क्रौर्य नाही. आहे तो कामाचा उत्साह. त्या हसण्याने अंगावर जो काटा येतो तो नंतरच्या तासाभराच्या स्फोटांनी येत नाही.

आणि चित्रपट नेमका हाच धागा सोडून देतो. व्हिकस हळूहळू परग्रहवासी होऊ लागतो, म्हणजे करुणेला पात्र होतो. त्याच्याकडची हिंसा कूबस व्हेंटर नावाच्या एका विकृत भाडोत्री सैनिकाकडे सोपवली जाते, आणि शेवटी परग्रहवासी व्हेंटरला फाडून टाकतात. प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकतो. व्यवस्थेचा हिशेब एका माणसाच्या देहावर चुकता करण्याची ही युक्ती जुनीच आहे, पण या चित्रपटाला ती अधिक न शोभणारी आहे, कारण त्याने सुरुवातीला याहून अधिक जाणल्याची खूण दिली होती.

प्रत्यक्षातल्या पोलिसी हिंसेची चित्रफीत कशी असते? १९९८ च्या आरंभी जोहान्सबर्ग परिसरातील श्वानपथकाच्या सहा गोऱ्या पोलिसांनी मोझांबिकहून आलेल्या तीन माणसांवर कुत्रे सोडले. ते कुत्र्यांचे प्रशिक्षण होते, आणि त्याचे चित्रीकरण पोलिसांनी स्वतःच केले होते. नोव्हेंबर २००० मध्ये ती फीत तिथल्या राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर दाखवली गेली आणि पुढे पोलिसांना शिक्षा झाल्या. लाह्यांवर हसणारा व्हिकस आणि आपल्याच क्रौर्याचे चित्रण करणारे हे पोलीस यांच्यात कल्पनेचे अंतर किती? वर्णभेदी राजवट जाऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. पुढे फेब्रुवारी २०१३ मध्ये डेव्हीटन येथे मोझांबिकच्याच एका टॅक्सीचालकाला पोलिसांनी व्हॅनच्या मागे बांधून रस्त्यावरून फरफटत नेले. तो कोठडीत मेला. २०१५ मध्ये आठ पोलीस खुनाबद्दल दोषी ठरले. ते दृश्यही रस्त्यावरच्या माणसाने टिपले होते. येथे गोरा आणि काळा हे जुने समीकरणही उरलेले नव्हते. वर्णभेदाच्या रूपकाने या दोन्ही फितींचे काय करायचे?

खासगी कंपनीचा तपशीलही भविष्यकालीन नाही. जोहान्सबर्गजवळ, क्रूगर्सडोर्पच्या बाजूला, लिंडेला नावाचे परकीयांना डांबून ठेवण्याचे केंद्र १९९६ पासून आहे, आणि ते चालवण्याचे काम सरकारने खासगी कंत्राटदाराकडे दिले होते. चित्रपट जिथे चित्रित झाला ती सोवेटोतील चियावेलोची झोपडवस्तीही खरी होती आणि तिथल्या रहिवाशांना हलवण्याचे काम त्याच सुमारास चालू होते. इतके सगळे उपमेय आजूबाजूला पसरलेले असताना समीक्षेने १९६६ पर्यंत मागे का धावावे?

असे म्हटले जाईल की, परग्रहवाशाची कल्पना एकदा स्वीकारली की हे अपरिहार्यच आहे. ते खरे नाही. जॉन सेल्स यांचा 'द ब्रदर फ्रॉम अनदर प्लॅनेट' (१९८४) आठवावा. अगदी किरकोळ खर्चात केलेला चित्रपट. परग्रहावरून पळालेला गुलाम न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर, म्हणजे स्थलांतरितांच्या जुन्या नोंदणीकेंद्रावर, उतरतो आणि हार्लेममध्ये पोहोचतो. तो मुका आहे, त्याच्या पायांना तीन बोटे आहेत, आणि तो काळा आहे. त्याचा पाठलाग करणारे दोघे गोरे आहेत; त्यांपैकी एकाची भूमिका सेल्स यांनी स्वतः केली आहे. इथे उपमेय आणि उपमान एकाच देहात आहेत. हार्लेमच्या दारूच्या गुत्त्यातली माणसे त्याला सामावून घेतात ती तो आपल्यासारखा दिसतो म्हणून. त्याच्या परकेपणाची किंमत चुकवण्यासाठी तिसऱ्या कोणाला राक्षस करावे लागत नाही. 'मेन इन ब्लॅक' (१९९७) मधले सुरुवातीचे दृश्य याच्या उलट टोकाचे : मेक्सिकोतून चोरून येणाऱ्या माणसांच्या गाडीत एक परग्रहवासी लपलेला सापडतो, माणसांना सोडून दिले जाते आणि त्याला गोळी घातली जाते. विनोद म्हणून ते ठीक; पण खरे स्थलांतरित पहिल्या पाच मिनिटांत पडद्याबाहेर जातात ते कायमचे.

सप्टेंबर २००९ मध्ये नायजेरियाच्या तत्कालीन माहितीमंत्री डोरा अकुन्यिली यांनी आपल्या देशातील चित्रपटगृहांना 'डिस्ट्रिक्ट नाईन' न दाखवण्यास सांगितले आणि निर्मात्यांनी क्षमा मागावी अशी मागणी केली. बंदीचे समर्थन कोणत्याही समीक्षकाने करू नये, प्रस्तुत लेखकही करत नाही. परंतु त्या वेळी उदारमतवादी वर्तुळांत या मागणीची जी टर उडवली गेली ती तपासण्याजोगी आहे. मंत्र्यांना रूपक कळले नाही, असा तिचा सूर होता. त्यांना ते पुरेपूर कळले होते असे मला वाटते. परग्रहवासी म्हणजे कोण हे शोधत न बसता त्यांनी नायजेरियन म्हणून जो दाखवला आहे तो कोण, एवढेच विचारले. सिद्धान्ताची अवजारे बाळगणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना हा प्रश्न सुचला होता. दहा वर्षांनी, सप्टेंबर २०१९ मध्ये, जोहान्सबर्गमधील हल्ल्यांनंतर नायजेरियाचे शेकडो नागरिक विमानांनी मायदेशी परत गेले. चित्रपटाने ते हल्ले घडवले असे कोणी म्हणणार नाही. पण ज्या दंतकथेने त्या दुकानांच्या काचा फुटल्या, तिची एक प्रत जगभर दाखवली गेली होती आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करसाठी तिला नामांकनही मिळाले होते.

शेवटी श्रेयनामावलीतील एका नावाकडे लक्ष वेधतो. ओबेसांजोची भूमिका करणारे नट युजीन खुम्बानिवा हे नायजेरियाचे नाहीत; ते मलावीचे आहेत. एप्रिल २०१५ मध्ये डर्बनच्या परिसरात स्थलांतरितांवर हल्ले झाले, तेव्हा मलावीच्या सरकारने आपल्या माणसांना परत नेण्यासाठी बसगाड्या पाठवल्या होत्या.